झोपेतला रेडा

माझ्या बायकोचा पुढचा दात मी पाडला. हे मीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत ह्या गोष्टीच्या नाना तऱ्हा फिरतात आणि त्यातली एकही खरी नाही. दारू पिऊन मारलं, असं सांगणारे आहेत. दारू मी जन्मात ओठाला लावली नाही. भाकरीत खडा आला म्हणून मारलं, असंही सांगतात. खडा आला तर मी खडा थुंकतो. संसारात आवाज चढवला असेल, ताट सरकवलं असेल, पण तिच्यावर हात कधी उचलला नव्हता. आणि उचलला तो असा, की दातच पडला.

मी झोपेत होतो. गोठ्यात रेडा शिरला होता. तांबूस रंगाचा, डोळ्यांत रक्त उतरलेला. थोरल्या म्हशीच्या पोटात शिंग खुपसून तो तिला भिंतीवर रेटत होता आणि म्हैस रेकत होती. मी त्याचं शिंग डाव्या हातानं धरलं, उजव्या हाताची मूठ वळली आणि सगळ्या अंगाचा जोर घालून नाकाडावर हाणली. नाकाड फुटलेलं हाताला कळलं. आणि रेडा बाईच्या आवाजात ओरडला.

दिवा लागला तेव्हा बायको भिंतीला टेकून बसली होती. पदर तोंडाला, पदर लाल. माझ्या मुठीच्या पेरावर तिच्या दाताची खोच पडली होती. ती अजून आहे.

"काय झालं गं? कोन आलतं?" असं मी तिलाच विचारलं. तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं माझ्याकडं कुठल्या रेड्यानंही बघितलेलं नाही.

आम्ही गवळी. कोल्हापुरात पेठेत घर, घराला लागून गोठा. बापाच्या माघारी म्हशी मी सांभाळल्या, आता पोरगा सांभाळतो, पण धार अजून मीच काढतो. संध्याकाळी म्हशी दूध-कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. शाळा तिसरीत सोडली. हे लिहायला घेतलं तेव्हा पोरगा म्हणाला, "आबा, तुमी सांगा, मी मोबाईलवर लिवतो." मी म्हटलं, माझं मी लिहीन. चुकलं तर माझं चुकेल.

तरणेपणी माझी झोप म्हणजे दगड. आडवं झालं की गेलं. अंगावरून वासरू उड्या मारत गेलं तरी कळायचं नाही, आणि कोंबड्याच्या आधी जाग यायची ती न चुकता. म्हातारपण लागलं तशी झोप पातळ झाली, पाणी घातलेल्या दुधासारखी. दुधात मी कधी पाणी घातलं नाही, देवानं ते माझ्या झोपेत घातलं. आधी नुसती जाग यायची. मग झोपेत बडबड सुरू झाली. मग शिव्या. बायको सकाळी हसत सांगायची, "आज कुनाची आय काढत हुतासा?" मग हातपाय चालायला लागले. उशाचा तांब्या उडाला, भिंतीवरचं कॅलेंडर फाटलं, एकदा कॉटच्या कडेवर लाथ बसून माझ्याच अंगठ्याचं नख निघालं. आम्ही दोघंही हसलो होतो त्यावर. दात पडल्यावर हसणं संपलं.

सकाळी नळावर बायकांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "मोरीत पाय घसरला." हे मला गोठ्यात ऐकू आलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्यासाठी माझ्या बायकोनं खोटं बोलायचं? मी शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आलो.

"मोरीबिरी काय न्हाय. म्या मारलं. झोपंत."

शेजारची म्हातारी पदराआड म्हणाली, "व्हय की. झोपंतच मारत्यात समदे. आमचं बी मारायचं, ते बी झोपंतच हुतं म्हनायचं सकाळच्याला."

सगळ्या हसल्या. हातातली घागर आपटून बायको घरात गेली. दार लावून मला म्हणाली, "झाकलं हुतं की मी. कुनी सांगितलतं तुमास्नी खरं बोलाया?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की खरं सांगूनही माणूस खोटा ठरतो. त्या दिवसापासून गल्लीतली पोरं मला बघून गप्प व्हायला लागली.

माझा एक मित्र आहे, गादीवाला. मुसलमान, आमच्याच पेठेतला, लहानपणापासून सोबत. त्याचे आजोबा, वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे, आता तो भरतो. त्याला मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "गवळ्या, तुझी ताकद अजून हाय म्हनायची. मला झोपंत डाससुद्धा मारवत न्हाय."

"चेष्टा नको. कायतरी कर."

"करतो की. तुमा दोघांच्या मधी भिंत बांदतो."

त्यानं एक लोड शिवला. असा लोड कोल्हापुरात कुणी बघितला नसेल. माणसाएवढा लांब, रेड्याच्या मानेएवढा जाड, दुहेरी खोळ, आत ठासून कापूस. दोघांनी उचलून आणला. बायको म्हणाली, "ह्यो आनि कोन पावना आनलासा मधी झोपाया?" पण तिला बरं वाटलं. मलाही वाटलं. आठवडाभर सगळं शांत होतं.

मग एका सकाळी खोलीत बर्फ पडल्यासारखा कापूस. कॉटवर, फरशीवर, देवाच्या फोटोवर, बायकोच्या केसांत. लोड मधोमध उभा फाडलेला, आणि माझ्या नखांत सुताचे धागे. मला स्वप्न लख्ख आठवत होतं. त्याच रेड्याचं पोट मी दोन्ही हातांनी फाडत होतो, आतडी ओढून काढत होतो. पांढरी कशी, असं स्वप्नातही वाटलं होतं.

गादीवाल्यानं लोड परत शिवला. ह्यावेळी तो हसला नाही. म्हणाला, "दुहेरी खोळ हाय ही. हातानं फाटत न्हाय. डॉक्टरला दाव." मी म्हटलं, "डोक्याच्या डॉक्टरकडं येडी जात्यात. मी येडा न्हाय." तो म्हणाला, "तू येडा न्हाईस. पर मधी लोड नसता तर?"

त्याचं बोलणं मी तिथंच सोडलं. सोडायला नको होतं, कारण पुढच्याच पंधरवड्यात लोड पायाशी गेला आणि मध्ये काही राहिलं नाही.

ती रात्र मी थोडक्यात सांगतो, जास्त सांगवत नाही. रेड्याला मी आडवा पाडला होता आणि त्याच्या नरड्यावर दोन्ही अंगठे रोवून सगळं वजन टाकलं होतं. त्याची जीभ बाहेर आली. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. मग माझ्या तोंडावर गरम पाणी पडलं आणि मी जागा झालो. सून दारात, हातात रिकामं पातेलं. पोरगा मला मागून कवेत धरून ओढत होता. आणि माझ्या हाताखाली रेडा नव्हता.

बायकोला दोन दिवस बोलता येईना. गळ्यावर माझी बोटं उमटली होती, अंगठ्यांच्या जागी काळीनिळी, बाकी लालसर. म्हशीच्या अंगावर डाग देतात तसा मी तिला डाग दिला होता.

मुलगी पेठ वडगावला दिलेली आहे. कुणी फोन केला कोण जाणे, दुपारी ती दारात. आली, आईच्या मानेवरचा पदर बाजूला केला, बघितलं आणि चपलाही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, लाज वाटती का न्हाय तुमास्नी?"

"झोपंत झालं."

"झोपंत झालं म्हंजे तिचा जीव कमी गेला आसता व्हय? मी नेते आईला. आत्ता. उट गं."

"ती कुटं जानार न्हाय."

"तुमी कोन सांगनार?"

मी उठलो. काय करणार होतो मला ठाऊक नाही. पण माझा हात उठलेला तिनं बघितला, सुनेनं बघितला, मी पण बघितला. जागेपणी उठलेला हात. मुलगी मागं सरली नाही. गाल पुढं करून म्हणाली, "मारा की. आता तर जागं हाईसा."

हात खाली आला. मी गोठ्यात गेलो आणि खुंट्याला डोकं आपटलं, दोनदा. थोरल्या म्हशीनं मान वळवून माझा कान चाटला.

तिसऱ्या रात्री बायकोनं घोगऱ्या आवाजात निकाल दिला. बोलताना गळ्याला हात लावत होती. "दिवाळीचा पाडवा तोंडावर आलाय. सणाचं घर सोडून मी जानार न्हाय. पाडव्याला तुमास्नी ओवाळीन. तंवर डॉक्टरकडं गेलासा तर ऱ्हाईन. न्हाय गेलासा तर लेकीबरूबर वडगावला जाईन आनि परत येनार न्हाय. मला मरायचं न्हाय तुमच्या हातनं. तुमच्या हातनं तर मुळीच न्हाय."

माझ्या बहिणीच्या सासरची कोणी म्हणाली, जोतिबाला नेऊन गुलाल टाका, बाहेरचं असेल. मी म्हटलं, जोतिबाला ह्यात ओढू नका, त्यानं काय माझे हात धरून ठेवायचे? देवाकडं जायचं नाही, डॉक्टरकडं जायचं नाही, मग काय करायचं? मला माझ्या डोक्यानं उपाय सुचला, आणि तो सुचला ह्याचा मला गर्वही वाटला. झोपायचंच नाही. झोपलो नाही तर मारीन कसा?

आमच्या धंद्यात व्यायला आलेल्या म्हशीजवळ रात्र काढायची सवय असते. विडी, चहा, गार पाण्याचा हबका, आणि पाठीला टोचेल असा खुंटा. मी गोठ्यात बसायला लागलो. डोळा लागला की मान खुंट्यावर आपटे आणि जाग येई. घरच्यांना सांगितलं, म्हैस गाभण आहे, लक्ष ठेवायला पाहिजे. म्हैस गाभण नव्हती. पोराला कळलं होतं, पण माझ्याशी कोण वाद घालणार?

पहिले काही दिवस मी स्वतःवर खूश होतो. मग अंगात दुसराच माणूस शिरल्यासारखं झालं. धार काढताना हात थरथरायला लागला, म्हशी पान्हा चोरायला लागल्या. एकदा दूध काढलेली बादली मी तिथंच ठेवून दुसरी घ्यायला गेलो आणि येताना पहिलीला लाथ बसली. बादली कुठं ठेवली हेच आठवलं नव्हतं. जिना चढताना तोल गेला. डोकं असं ठणकायचं की कुणी आत पहार घालतंय. सुनेनं मेडिकलमधून रक्तदाब बघायचं यंत्र आणलं, आकडा बघून तिचा चेहरा पडला. मी तो पट्टा हातावरून ओढून काढला आणि फेकला. यंत्र फुटलं. घरातलं सगळं फुटत होतं आणि मी मात्र झोपत नव्हतो म्हणून स्वतःला शहाणा समजत होतो.

चहाच्या गाड्यावाला आमचं जुनं गिऱ्हाईक. एका सकाळी किटली घेऊन दारात आला. "आबा, दूध नासलंय. वास मारतोय."

मी किटलीत नाक घातलं. काही वास नव्हता. दुधाचाही नव्हता. मला ते तेव्हा कळलं नाही, मला एवढंच कळलं की हा माणूस माझ्या दुधाला नाव ठेवतोय.

"वास मारतोय व्हय रं? माज्या दुधाला?"

"बायकूला इचारा की घरात. का तिला बी..."

पुढचा शब्द मी त्याच्या घशातच ठेवला. गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटला, किटली त्याच्याच डोक्यावर ओतली. तो धडपडला, त्याच्या कोपरानं माझी भुवई फुटली. दोघंही शेणात पडलो. पोरानं आम्हाला वेगळं केलं. नासलेलं दूध अंगावरून गळत होतं, आणि पोरगा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आबा, खरंच वास मारतोय की. तुमास्नी येत न्हाय?"

मी म्हटलं, येतो. खोटं म्हटलं.

असा पाडवा आला. त्या दिवशी आमच्याकडं म्हशींचा सण असतो. महिनाभर आधीपासून त्यांना भादरून अंग काळं कुळकुळीत करायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्या, पायात चाळ. मग नदीकाठी सगळ्या पेठांचे गवळी जमतात आणि आपापली म्हैस पळवतात. मालक मोटारसायकलवर, म्हैस मागं. दावं नाही, वेसण नाही, कुणी हाकायचं नाही. मालकाच्या नुसत्या आवाजावर म्हैस गर्दीतून पळत आली पाहिजे. ज्याची आली तो गवळी. माझी थोरली म्हैस कधी चुकलेली नाही. तिच्यावर मी कधी काठी उगारलेली नाही, सगळ्या कोल्हापूरला ते माहीत आहे.

सकाळी बायकोनं पाट मांडला, तेल लावलं, आंघोळ झाल्यावर ओवाळायला आली. गळ्यावरचे डाग पिवळे पडले होते. तबकातल्या दिव्याच्या उजेडात दाताची फट दिसत होती. मुलगी आदल्या दिवशीच आली होती, तिनं आईची पिशवी भरून दाराजवळ ठेवली होती. मला पाटावरून ती पिशवी दिसत होती. बायको ओवाळताना हळूच म्हणाली, "काय ठरवलासा?"

मी म्हटलं, "म्हैस पळवून येतो, मग बोलू." तिनं अक्षता टाकल्या.

पोरगा मोटारसायकल चालवणार, मी मागं उलटा बसणार, तोंड म्हशीकडं. हीच आमची पद्धत. हातात गोंड्याची काठी, ती फक्त शोभेची. घाटावर माणूस मावत नव्हता. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा कडकडाट, हलगी, धुरळा, सगळ्यांचे मोबाईल वर. आमची पाळी आली. मी आरोळी दिली. म्हैस कान टवकारून निघाली, चाळ वाजवत, तोंड माझ्या गुडघ्यापाशी. लोक ओरडायला लागले. ऊन तोंडावर होतं. गाडी एका लयीत धडधडत होती. गाडीची धडधड आणि चाळांचा आवाज एक झाला आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं...

रेडा माझ्या अगदी जवळ होता. डोळ्यांत रक्त, नाकपुड्या फुललेल्या. माझ्या हातात काठी होती. मी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या नाकावर घातली. परत घातली. आणि परत.

मी रस्त्यावर आपटलो तेव्हा जागा झालो. तोंडात माती, खांदा निखळलेला. लोकांच्या किंकाळ्या. माझी म्हैस गर्दीत घुसली होती, बायापोरं पळत होती, आणि नाकातून रक्ताचे फवारे उडवत ती आंधळ्यासारखी धावत जाऊन लोखंडी खांबाला धडकली. रंगवलेलं शिंग मुळापासून मोडलं. तो आवाज मी ऐकला. मग ती तिथंच उभी राहून थरथरत राहिली, मोरपिसांचा तुरा एका डोळ्यावर लोंबत होता, आणि रक्त कवड्यांवरून ओघळत होतं.

मी फरफटत तिच्याकडं गेलो, आरोळी दिली. रोजची. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मागं सरली. मागं सरत सरत खांबाला टेकली आणि तिथं अंग चोरून उभी राहिली. मी असं बायकोला बघितलं होतं. भिंतीला टेकलेलं.

त्या दिवशी मी माझ्या पोरासमोर, गावासमोर रडलो. लपवत नाही.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या कोल्हापूरच्या मोबाईलवर होता. 'मुक्या जनावराला मारणारा गवळी'. शिव्यांचा पाऊस. खांदा बसवून मी घरी पडलो होतो, आणि मुलगी दाराजवळची पिशवी उचलत होती. बायको मात्र सुनेचा मोबाईल हातात घेऊन बसली होती. तोच व्हिडिओ परत परत लावत होती. मी म्हटलं, "बंद कर ते." तिनं केलं नाही. मग तिनं मुलीला हाक मारली.

"ये हिकडं. ह्ये बग. ह्येंच्या तोंडाकडं बग, काठीकडं न्हवं."

मुलगी वाकली. बायकोनं बोटानं चित्र थांबवलं. मीही बघितलं. मी काठी उगारलेली, दात विचकलेले, आणि डोळे मिटलेले. गाढ मिटलेले. लहान पोर झोपतं तसे.

बायको मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "मी तुला सांगत हुते न्हवं, झोपंत असत्यात म्हनून. माजं कुनी ऐकलं न्हाय. माजं बी मला खरं वाटंना झालतं."

दुसऱ्या दिवशी मीच पोराला म्हटलं, डॉक्टरकडं चल. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "माजा दात पडला तवा न्हाय गेलासा. गळा दाबला तवा न्हाय गेलासा. म्हशीचं शिंग मोडलं तवा निगालासा."

मी पायात चपला सरकवल्या.

डॉक्टर नातवाच्या वयाचा होता. "बसा आजोबा," म्हणाला. मी म्हटलं, "आजोबा कुनाचा? गवळी हाय मी." तो हसला नाही, रागावलाही नाही. व्हिडिओ बघितला. बायकोला बरंच विचारलं, मला थोडं. मग एकदम म्हणाला, "वास येतो का तुम्हाला? दुधाचा, शेणाचा, उदबत्तीचा?"

मी पोराकडं बघितलं, पोरगा जमिनीकडं बघत होता. मी म्हटलं, "न्हाय. लई दिस झालं."

त्यानं सांगितलं ते मला असं समजलं. माणूस स्वप्नात पळतो, भांडतो, पण झोपेत शरीर आपलं आपण जखडलेलं असतं, म्हणून हातपाय हलत नाहीत. काही म्हाताऱ्या माणसांत, जास्त करून पुरुषांत, ही बांधणी ढिली पडते. मी मनात म्हटलं, म्हणजे रात्री माझं दावं सुटतं. हा वेडेपणा नाही, आजार आहे, आणि स्वभावाशी त्याचा संबंध नाही. पण पुढं कंपवात होऊ शकतो, वास जाणं हीही कधीकधी त्याचीच खूण असते, म्हणून तपासत राहावं लागेल. आणि जागून काढलेल्या रात्रींनी मी स्वतःचं वाटोळं केलं होतं. रक्तदाब, तोल, विसरणं, चिडणं, सगळं त्यानं वाढलं, आणि दबलेली झोप भर दिवसा गाडीवर उसळून आली. त्यानं गोळी दिली, आणि सांगितलं की गोळी लागू पडेपर्यंत बाईंनी त्या खोलीत झोपायचं नाही.

आमच्या घरात खाली एक खोली आणि वर पोराची. बायको म्हणाली, "मी सैपाकघरात अंग टाकीन." सैपाकघराला दार नाही. मी मुलीला म्हटलं, "घेऊन जा तिला."

बायको भडकली. "आता डॉक्टरकडं गेलासा, आता मी ऱ्हाते म्हंते, तर हाकलताय व्हय?"

"व्हय, हाकलतोय. लोड साबूत ऱ्हायला लागला की ये."

पिशवी मीच उचलून गाडीत ठेवली, बऱ्या हातानं.

वडगावला गेल्यापासून ती रोज सकाळी, धारा झाल्या की फोन करायची. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"लोड?"

"फाटला."

"बरं." फोन बंद.

पुढं पुढं, "लोड?" "शिवण उसवली." "बरं." मग, "लोड?" "खाली पडलाय. फाटला न्हाय." त्यावर तिनं विचारलं, "तुमी फेकलासा का आपून पडला?" मी म्हटलं, "झोपंत काय केलं ते मला कसं कळंल?" तेव्हा ती हसली. फटीतून वारा आल्यासारखा आवाज आला फोनमधून.

खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. लोड साबूत आहे म्हटलं असतं तर ती पुढच्या एस्टीनं आली असती. पण ती येणार होती माझ्या हाताच्या अंतरावर झोपायला. त्या हाताच्या वतीनं खोटं कसं बोलणार?

गोळ्या, तपासण्या, डोस कमीजास्त, ह्यात थंडी सरली. गादीवाला रोज येऊन लोड दाबून बघायचा. "गवळ्या, माजा धंदा बुडवनार तू," म्हणायचा. मग बरेच दिवस लोड जिथल्या तिथं राहिला, आणि मी फोनवर ते सांगितलं, तशी ती म्हणाली, "खोटं."

"ये नि बग."

ती आली. पिशवी ठेवली, चूळ भरली आणि पहिल्यांदा लोडाकडं गेली. म्हशीची कास दाबून बघतात तसा तिनं तो टोकापासून टोकापर्यंत दाबला, शिवणीवर नख फिरवलं. मग माझे हात ओढून घेतले आणि नखं बघितली. नखांत धागा नव्हता. डावा हात थोडा थरथरत होता, तोही तिनं बघितला आणि मुठीत धरून ठेवला.

"लेक म्हनती, चार दिस बगून परत ये."

"मग?"

"मग काय? तिला म्हटलं, माजी म्हस हाय ती, लाथा मारनारी. इकायची असती तर तवाच इकली असती."

तिनं आपली कॉट समोरच्या भिंतीला लावून घेतली. लोडही टाकून दिला नाही, दोन कॉटांच्या मध्ये फरशीवर आडवा ठेवलाय, उंबऱ्यासारखा. मी म्हटलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सवय झालीया त्याची."

मोडक्या शिंगाची म्हैस अजून माझ्या हातानं पान्हा सोडत नाही. मी जवळ गेलो की मान मागं घेते. तिची धार बायको काढते, मी पलीकडच्या बाजूला उभा राहतो, म्हशीला दिसेन असा, हात मागं बांधून. बायको मान वर न करता म्हणते, "आज थोडं म्होरं या." मी एक पाऊल पुढं जातो. म्हैस कान हलवते. मग बायको म्हणते, "बास. उद्या."